गोळ्या कुणाकडे ठेवायच्या

“किती दुखतं, आजी?” डॉक्टर पागेंनी विचारलं.

“थोडं,” आई म्हणाली.

पुण्याच्या त्या हॉस्पिटलात आम्ही सकाळपासून थांबलो होतो. आईला बाकावर सरळ बसता येत नव्हतं. ती एका कुशीवर कलून, पदराचं टोक दातांत धरून पडली होती. जयसिंगपूरहून येताना गाडी रुळांच्या सांध्यावरून गेली की तिचे डोळे मिटायचे. छातीतला कॅन्सर हाडांत उतरला होता. आता काढण्यासारखं काही नाही, दुखणं तेवढं कमी करता येईल, असं आमच्या गावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते करणारं औषध त्यांच्याकडे नव्हतं. सांगली-कोल्हापुरातही कुणाकडे मिळालं नाही. मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत. एखादा मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची, म्हणून डॉक्टर त्या भानगडीतच पडत नसत. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. त्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो आणि आई म्हणत होती, थोडं.

डॉक्टर पागे पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी आईच्या मुठीकडे पाहिलं. मग त्यांनी गोळ्यांबद्दल सांगितलं. सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळी सुरू झाली की झोप लागेल, चार घास जातील.

“अफूची हाय न्हवं ती?” आईने विचारलं.

“अफूपासून करतात. पण औषध आहे, आजी.”

“मला नगं. आमच्यात चालत न्हाई.”

आम्ही जैन. आईने कांदा-लसूणसुद्धा कित्येक वर्षं सोडलेला. त्यामुळे तिचं बोलणं मला खरं वाटलं. डॉक्टरांनी तिला दोन-तीन प्रकारे समजावून पाहिलं. तिने मान भिंतीकडे वळवली. मग डॉक्टर मला घेऊन बाहेर आल्या. आईला आपण तयार करू, म्हणाल्या, पण गोळ्यांचा हिशेब फार कडक असतो. कुलुपात ठेवाव्या लागतील, उरलेल्या परत आणाव्या लागतील, ज्याच्या ताब्यात देऊ त्याचं नाव आमच्याकडे लिहिलेलं राहील. घरात कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं.

“मी आणि आई.”

“मग तुमचंच नाव लिहिते.”

मी गप्प राहिलो असतो तर गोळ्या मिळाल्या असत्या. पण त्या मिळाल्या असत्या म्हणूनच मला गप्प राहवेना. मी म्हणालो, “मॅडम, मी गर्द ओढायचो. कोर्टाने उपचाराला पाठवलं होतं. सुटून आता सहा महिने झालेत.”

त्यांनी पेन बंद केलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मग तुमच्या ताब्यात देता येणार नाहीत. दुसरं कुणी जबाबदार माणूस घेऊन या.”

आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

माझं नाव कुंतीनाथ मगदूम. वडील लवकर गेले. आईने घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालवून मला आणि थोरल्या बहिणीला वाढवलं. कोल्हापूरला छापखान्यात मशिनवर लागलो तिथे मला गर्दची, त्या अफूच्याच ब्राउन शुगरची, सवय लागली. कशी लागली ते सांगण्यात काही नवीन नाही, सगळ्यांची तशीच लागते. नोकरी गेली, गावी आलो, घरातली भांडी विकून झाली. मग स्टेशनमागच्या तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत मला पुडीसकट पकडलं. पुडी लहान होती आणि माझ्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं. कायद्यात अशा माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवायची सोय होती. न्यायाधीशांनी विचारलं, उपचार घेणार का? मी हो म्हणालो, कारण तुरुंगात गर्द मिळणार नाही याची मला खात्री होती आणि उपचाराच्या ठिकाणी मिळेल अशी आशा होती. तिथेही काही मिळालं नाही. पहिले दिवस गेले आणि मी बरा होत गेलो.

बंधपत्र लिहून दिलं होतं. महिन्यातून एकदा पोलीस ठाण्यात तोंड दाखवायचं. पुन्हा नशेत सापडलो तर आधीची शिक्षा आणि नवा गुन्हा, दोन्ही.

गावाला मात्र मी बरा झाल्याचं कुणी कळवलं नव्हतं. मी गिरणीच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीकडे वळलं. आई आजारी पडेपर्यंत ती एकटी बसली की दोन-चार डबे यायचे, मी बसलो की तेही नाही. जूनमध्ये व्यसनविरोधी दिन होता. ठाण्यातल्या साहेबांनी मला हायस्कूलच्या मंचावर बसवलं. त्यांचा हेतू चांगला होता. पाहुण्यांनी माझ्याकडे बोट करून मुलांना सांगितलं, नशेने माणसाचं काय होतं ते डोळ्यांनी बघा. मुलं बघत राहिली. मला बोलायला सांगितलं तेव्हा वेळ संपली होती. खाली उतरल्यावर माझ्या बाजूची खुर्ची कुणी घेतली नाही, आणि चहाचा कप मी उभ्यानेच संपवला.

पुण्याहून आल्यावर आईचं दुखणं वाढलं. ती ओरडत नसे. भिंतीकडे तोंड करून णमोकार मंत्र म्हणायला लागायची आणि मधेच शब्द तुटायचा. तेवढ्यावरून मला कळायचं. मी काही विचारलं की म्हणायची, “काय न्हाई. डोळा लागला हुता.”

बेळगावला बहिणीला फोन केला. तिने रडत सांगितलं की सासूबाई अंथरुणाला आहेत, घर सोडता येत नाही, आणि गोळ्यांच्या कागदावर सही करायला तिचे यजमान परवानगी देणार नाहीत. माझ्या नावाशी जोडलेलं काही त्यांना घरात नको होतं. चुलत्यांकडे गेलो. काका अंगणात होते, मला बघून आत गेले, आणि काकूंनी येऊन ते गावाला गेलेत असं सांगितलं. मीही मान डोलावून परत फिरलो.

मग मी पोलीस ठाण्यात गेलो.

बाबालाल नदाफ हवालदार टेबलाशी बसून कपबशी विसळत होते. मला वखारीत पकडलं होतं ते त्यांनीच. जीपमध्ये मला उलटी झाली तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला होता. नंतर तो परत मागितला नाही. एरवी त्यांचं माझं बोलणं म्हणजे सहीपुरतं.

“आज तुझी तारीख न्हाई,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“मग?”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आईचं दुखणं, पुण्याच्या बाई, दुसरं माणूस. ते ऐकत राहिले. कपबशी पुसून त्यांनी फळीवर ठेवली.

“बहीण हाय ना तुला?”

“ती नाही म्हणाली.”

“भावकी?”

“दार उघडत नाहीत.”

“आणि मी पोलीस हाय,” ते आवाज न चढवता म्हणाले. “माझ्या ट्रंकेत अफूच्या गोळ्या सापडल्या तर वर्दी उतरंल माझी. कळतंय का काय मागतोयस?”

“कळतंय,” मी म्हणालो. “म्हणून तर तुमच्याकडे आलो. दुसऱ्या कुणाकडनं मी त्या मागून घेईन. रडून घेईन, नाहीतर चोरून घेईन. तुमच्याकडनं मला जमणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. जा घरी, म्हणाले. मी ठाण्याबाहेर पडलो तेव्हा आता कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. घरी जाऊन आईचं मंत्र म्हणणं ऐकायचं धैर्य होत नव्हतं.

दोन दिवसांनी ते आमच्या दारात उभे होते, साध्या कपड्यांत. साहेबांना विचारलंय, म्हणाले. डॉक्टरांची चिठ्ठी असेल, चिठ्ठीवर नाव असेल, तर ते औषध आहे, असं साहेब म्हणाले. आणि साहेब पुढे असंही म्हणाले की हे मी ऐकलेलं नाही.

आम्ही दोघं पुण्याला गेलो. गाडीत ते खिडकीशी बसून बाहेर बघत होते. कराड गेल्यावर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, “एवढ्या वर्षांत लई पोरं धरली मी. उपचार पुरा करून परत तोंड दाखवायला आलेला तू पहिला.” मग परत बाहेर बघायला लागले.

डॉक्टर पागेंनी विचारलं, “तुम्ही पेशंटचे कोण?”

“याला ओळखतो,” माझ्याकडे मान करून नदाफ हवालदार म्हणाले.

“कसं?”

“मीच पकडला हुता.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. मग त्यांनी चिठ्ठीवर हवालदारांचं नाव लिहिलं.

राहिली होती आई. ती गोळी घेईल की नाही याची मला धास्ती होती. पुण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवालदार ड्यूटी उतरून वर्दीवरच आले, खिशातून कागदात बांधलेली एकच गोळी काढली. आईने गोळीकडे न बघता त्यांना विचारलं, “बाकीच्या कुठं हायत?”

“माझ्या क्वार्टरमधी. ट्रंकेत. कुलूप घालून.”

“किल्ली?”

त्यांनी वर्दीची कॉलर बाजूला करून गळ्यातला दोरा दाखवला. आईने पाणी मागितलं आणि गोळी गिळली. आमच्यात चालत नाही वगैरे काहीच बोलली नाही. वर्दी बघून बिचारी घाबरली असेल, असं मला वाटलं.

त्या रात्री ती झोपली. सकाळी मी उठलो तर ती छताकडे बघत होती आणि तिचा चेहरा मोकळा होता. कितीतरी दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. मला म्हणाली, भाताची पेज कर, मीठ घालून.

त्यानंतर नदाफ हवालदार रोज दोनदा यायचे, ड्यूटीच्या आधी आणि नंतर. सायकल भिंतीला टेकवून ते गिरणीतून आत यायचे, गोळी आईच्या तळहातावर ठेवायचे, ती गिळेपर्यंत थांबायचे. पहिले काही दिवस ते उभेच राहत. मग आईने मला स्टूल द्यायला सांगितलं, मग चहा करायला सांगितलं. आमच्या घरी कुणासाठी तरी चहा टाकायची वेळ दीड-दोन वर्षांनी आली होती. ते दोघं काय बोलत ते मला आतून अर्धवट ऐकू यायचं. त्यांची बायको गेलेली, मुली आपापल्या घरी, ते खाणावळीत जेवायचे. आई त्यांना गिरणीच्या गोष्टी सांगायची, जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी कशी लावायची वगैरे. मी चहा घेऊन गेलो की ते बोलणं थांबायचं. मला वाटायचं, दोघांनाही माझी अडचण होते. मी कप ठेवून बाहेर पायरीवर येऊन बसायचो. गल्लीतली माणसं पोलिसाची सायकल बघायची आणि माझ्याकडे बघायची. आता परत काय केलंय यानं, एवढाच त्यांचा प्रश्न असायचा, आणि तो कुणी मला विचारत नसे.

गणपतीत ते घडलं.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. हवालदार पुढे बसले होते, मागे आणखी शिपाई. ते उतरले, मला गिरणीत घेतलं, आणि खिशातून सबंध बाटली आणि चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. इचलकरंजीला बंदोबस्त लागलाय, म्हणाले, ऐन वेळी नाव आलं. उद्या दुपारपर्यंत येतो, पण अडकलो तर गोळी चुकायला नको म्हणून सगळीच देतो. संध्याकाळची आणि उद्या सकाळची दे. चिठ्ठी बरोबर ठेव, कुणी विचारलं तर दाखव.

“माझ्याकडे नको,” मी म्हणालो.

“मग कुणाला देऊ, सांग.”

जीपचा हॉर्न वाजला. ते गेले.

बाटली पांढऱ्या प्लास्टिकची होती, बोटभर. हलवली की आत गोळ्या वाजायच्या. तोंडाला पाणी सुटलं. अंग सगळं विसरतं असं उपचार केंद्रात सांगितलं होतं. अंग काहीही विसरलेलं नव्हतं. एक गोळी कमी झाली तर कोण मोजणार आहे, हा विचार मी केला असं मी म्हणणार नाही, तो आला आणि बसला. दोन कमी झाल्या तर आईला कळेल का, हा त्याच्या मागून आला.

मी आईला सांगितलं की जरा जाऊन येतो, आणि बाटली आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो.

आधी समोरच्या उपाध्ये मास्तरांकडे गेलो. त्यांनी मला तिसरीत शिकवलं होतं. उद्या दुपारपर्यंत एवढं ठेवून घ्या, आईचं औषध आहे, म्हणालो. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला. “आमच्या घरात तरणी पोरं आहेत, कुंतीनाथ,” म्हणाले. “नको.” दार हळूच लावलं.

औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार बाटली बघून मागे सरकला. ही गोळी ठेवायचा परवाना आमच्याकडे नाही, म्हणाला. उद्या तपासणी आली आणि ही फळीवर दिसली तर दुकानाला कुलूप. काउंटरवर ठेवूही नकोस.

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेलो. पंडितजी पूजेचं आवरत होते. तीर्थंकरांच्या समोर मादक वस्तू ठेवता येत नाही, म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. आईसाठी प्रार्थना करतो, असंही म्हणाले.

शेवटी पोलीस ठाण्यात गेलो. सगळे बंदोबस्ताला गेले होते, एकटा ठाणे अंमलदार होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, इथे काही ठेवून घ्यायचं म्हणजे मुद्देमाल म्हणून घ्यावं लागतं, आणि मुद्देमाल म्हणजे गुन्हा नोंदवावा लागतो. कुणावर नोंदवू? तुझ्यावरच की. आणि मग तुझ्या आईला गोळी कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळणार नाही. घरी जा बाबा.

रस्त्यात मिरवणूक लागली. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. गाव सगळं रस्त्यावर होतं आणि मी खिशात हात घालून भिंतीच्या कडेने चाललो होतो. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला. मग मला ओळखलं आणि त्याचा हात खाली गेला. मला त्या वेळी असं वाटलं की ही एवढी माणसं, पण मी आत्ता इथे भिंतीला टेकून चार गोळ्या तोंडात टाकल्या तर एकालाही त्याचं आश्चर्य वाटणार नाही. त्यांनी ते आधीच गृहीत धरलेलं आहे.

घरी आलो. आई जागी होती. मी बाटली खिडकीत ठेवली, दोघांनाही दिसेल अशी. हवालदार बंदोबस्ताला गेलेत, एवढंच म्हणालो. आईने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझं नाक गळत होतं, पायांत गोळे येत होते.

“माझं पाय चेप जरा,” ती म्हणाली. “लई दुखत्यात.”

मी पायथ्याशी बसून तिचे पाय चेपायला लागलो. हाडं हाताला लागत होती, म्हणून हलकं चेपत होतो. संध्याकाळची वेळ झाली तेव्हा उठलो, झाकण उघडलं, एक गोळी तिला दिली, झाकण लावलं. तेवढ्या वेळात मी श्वास घेतला नसावा. परत खिडकीत बाटली ठेवली.

“चेप की,” आई म्हणाली.

मी चेपत राहिलो. जरा थांबलो की ती म्हणायची, अजून थोडं. बाहेरचे ढोल लांब गेले, थांबले. मला वाटलं, गोळी लागू पडत नाही, दुखणं गोळीच्या पुढे गेलं. मला रडू यायला लागलं. मी तिला म्हणालो, आणखी एक देऊ का. ती म्हणाली, नगं, हात चालू दे. कधीतरी मी बसल्या बसल्या पेंगलो असेन. दचकून जागा झालो तर माझे दोन्ही हात तिच्या घोट्यांवर होते आणि ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. उजाडलं होतं. मी तिला सकाळची गोळी दिली.

दुपारी हवालदार आले. कपड्यांवर गुलाल, डोळे लाल. त्यांनी बाटली घेतली आणि न उघडता खिशात टाकली. मी म्हणालो, मोजा की. ते म्हणाले, कशाला? आणि आईच्या खोलीत गेले. मी पायरीवर येऊन बसलो आणि तिथेच भिंतीला टेकून झोपलो.

आई दिवाळीनंतर गेली. शेवटचे दिवस तिला दुखलं नाही. बहीण आली, चार दिवस राहिली, गेली. भावकी स्मशानात आली आणि तिथूनच पांगली. नदाफ हवालदार स्मशानाच्या फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते, आत आले नाहीत.

बाराव्यानंतर ते घरी आले. आता घरात स्टूलही होतं आणि चहाही होता, पण आम्ही दोघंही जमिनीवरच बसलो. त्यांनी खिशातून बाटली काढून आमच्या मधे जमिनीवर ठेवली. उरलेल्या परत द्यायच्या आहेत पुण्याला, म्हणाले. मला रजा नाही. तू जा.

“एकटा?”

“एकटा.”

मी बाटलीला हात लावला नाही. मग ते म्हणाले, “तुझ्या आईनं सांगू नको म्हटलं हुतं. पण आता तिला काय फरक पडणार.”

त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली.

“पहिल्यांदा पुण्याला ती नगं म्हणाली ते धर्मासाठी न्हवं. ते घरात यायला नगं हुतं तिला. मला म्हणाली, माझं दुखणं काय, आज ना उद्या संपंल. पोराचं परत सुरू झालं तर ते कोण संपवणार.” त्यांनी आईच्या खोलीकडे पाहिलं. “आणि त्या विसर्जनाच्या दिवशी तिला काही दुखत न्हवतं. गोळीनं बरं हुतं. पाय चेपून घेत हुती, कारण दोन्ही हात तिला डोळ्यांपुढं पाहिजे हुते. मला म्हणाली, रात्रभर हात सुटलं न्हाईत त्याचं.”

ते उठले. जाताना दारातून म्हणाले, पोचल्यावर फोन कर, ठाण्यात मीच असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. बाटली सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. डब्यात गर्दी होती, तरी माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. खरं तर तिथे मला कुणी ओळखतही नव्हतं. कराडला उतरून कुठेही जाता आलं असतं. सातारला उतरून जाता आलं असतं. आता पाय चेपायला कुणी नव्हतं, म्हणून मी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसलो. समोरच्या बाईंनी एकदा विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, आई गेली. त्या हळहळल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

हॉस्पिटलात डॉक्टर पागे रजेवर होत्या. औषधाच्या खिडकीतल्या माणसाने गोळ्या ट्रेमध्ये ओतल्या, मोजल्या, माझी सही घेतली. बरोबर आहेत, म्हणाला. पुढचा पेशंट माझ्या मागे उभा होता. मी बाजूला झालो.

एवढंच होतं ते. मी बाहेर रस्त्यावर आलो. ऊन होतं, रिक्षा जात होत्या. गोळ्या बरोबर भरल्या हे सांगायला माझ्याजवळ त्या सबंध शहरात कुणी नव्हतं, आणि घरीही आता कुणी नव्हतं. कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ होता. मी ठाण्याचा नंबर लावला.

“हवालदार नदाफ,” तिकडून आवाज आला.

“मी कुंतीनाथ. दिल्या.”

त्यांच्या मागे कुणीतरी टंकलेखन करत होतं ते ऐकू येत होतं.

“बरं,” ते म्हणाले. “जेवलास का?”

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. “जेवलो,” मी म्हणालो.

“बरं. संध्याकाळच्या गाडीला बस.”

फोन ठेवला. समोर एक खाणावळ होती. जेवलो म्हणून सांगितलं होतं, निदान तेवढं तरी खोटं ठरू नये म्हणून मी आत गेलो, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो, आणि एक ताट सांगितलं.